तैवानी सून, तिचं घराणं आणि ‘रक्तातच आहे’ म्हणजे नेमकं काय

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलगा तैवानला सिन्चूत चिपच्या कंपनीत इंजिनिअर आहे, तिथलीच मुलगी त्याने पसंत केलीय. मुलगी १९९५ सालची, ताइचुंगकडची, शिकलेली, सगळ्यांना आवडलेली. पण तिचे वडील पन्नाशीच्या आत यकृताच्या कर्करोगाने गेले आणि वडिलांची आईही ‘लिव्हर’नेच गेली. ताई लिहितात, “तैवानची माणसं हुशार, कष्टाळू, ऐंशी-ऐंशी वर्षं जगणारी असं सगळे सांगतात. मग ह्यांच्याकडेच असं का? घराण्यात आहे का, नातवंडांत उतरेल का? आणि तिकडे माणसाचं आयुष्य ठरतं कशावर, संस्कृतीवर, तब्येतीवर की घरावर?”

मी साथरोगशास्त्रातली डॉक्टर. नोकरीची बरीच वर्षं तैनान आणि तैपेईत गेली, त्यामुळे उत्तर जरा ऐसपैस देते.

आधी मुलीच्या वडिलांचं बघू. बहुधा ही कावीळ ‘बी’ची गोष्ट आहे. लस येण्याआधी तैवानमध्ये शंभरातले पंधरा ते वीस प्रौढ हा विषाणू अंगात बाळगून होते. यकृताच्या दुखण्याला तिथे ‘राष्ट्राचा रोग’च म्हणत. विषाणूचा तिथला मोठा रस्ता म्हणजे बाळंतपण: आईकडून बाळाला, जन्माच्या वेळीच. मोठ्या माणसाला लागण झाली तर तो बहुतेक वेळा काविळीतून उठतो आणि मोकळा होतो. पण बाळाला विषाणूचा जोर असलेल्या आईकडून लागण झाली, तर दहातली नऊ बाळं जन्मभराची वाहक होतात. वरून काही दिसत नाही. शाळा, नोकरी, लग्न सगळं नीट होतं आणि पंचेचाळिशी-पन्नाशीला एक दिवस पोट फुगायला लागतं.

म्हणजे आजी आणि मग तिचा मुलगा, हा क्रम बघून ‘घराण्यात आहे’ असं कुणालाही वाटेल. पण इथे जनुकाने काही उतरलेलं नाही, संसर्ग उतरलाय. हा फरक का महत्त्वाचा, तर जनुक अडवता येत नाही, संसर्ग अडवता येतो.

हे सिद्ध कसं झालं तेही सांगण्यासारखं आहे. पामर बीस्ली हे अमेरिकन डॉक्टर १९७०च्या दशकात तैवानमध्ये काम करत होते. त्यांनी आणि तैवानी सहकाऱ्यांनी २२,७०७ पुरुष निवडले, सगळे सरकारी नोकर. सरकारी नोकरच का? कारण त्यांचा सरकारी विमा होता आणि कोण कधी कशाने गेला याची नोंद चुकत नसे. कागदपत्रं चोख ठेवायची सवय तिथे जपानी अमलापासूनची (१८९५ ते १९४५), घरोघरची नोंदवही तेव्हाच सुरू झाली. १९८१मध्ये निष्कर्ष छापून आला: वाहक पुरुषांना यकृताचा कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेपट. साथरोगशास्त्रात दुप्पट-तिप्पट धोका सापडला तरी आम्ही खूश असतो. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातंही या आकड्यापुढे फिकं आहे.

मग सरकारने १९८४च्या जुलैपासून वाहक मातांच्या बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि १९८६पासून सगळ्याच नवजात बाळांना. देशभर असं करणारा तैवान पहिल्यांपैकी. सुरुवातीला दहातलं एक मूल वाहक होतं, पुढच्या काही दशकांत शंभरात एकही राहिलं नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांतला यकृताचा कर्करोग दहाएक वर्षांतच निम्म्यावर आला. लसीने कर्करोग टळतो याचा हा जगातला पहिला ठोस पुरावा.

आता तुमची होणारी सून १९९५ची. म्हणजे तिला जन्मल्या-जन्मल्या लस मिळालेली असणार. तिची आई वाहक नसेल तर प्रश्न जवळपास मिटला. एक साधी रक्ततपासणी केली की खात्री होईल. पण ताई, तपासणी दोघांची करा. भारतात ही लस सरकारी लसीकरणात देशभर २०११ पर्यंत पोचली. तुमचा मुलगा त्याच्या कितीतरी आधीचा. खासगी डॉक्टरकडे दिली असेल तर ठीक, नसेल तर लसीविना राहिलेला माणूस तुमच्याकडचा आहे, त्यांच्याकडचा नाही. स्थळ बघताना आपण समोरच्याचं घराणं खणून काढतो, आपलं लसीकरणाचं कार्ड कुठे आहे ते कुणालाच आठवत नसतं.

हे इतकं लांबवलं, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं माझं उत्तर यातच आहे. संस्कृती, आरोग्य आणि घराणं अशा तीन वेगळ्या थैल्या नसतात. कुठलीही गोष्ट माणसापर्यंत कुठल्या तरी वाटेने पोचते: आईच्या रक्तातून, विहिरीच्या पाण्यातून, शिकवणीच्या फीमधून, बापाच्या सातबाऱ्यातून. ती वाट सापडली आणि सरकारने तिथे मधे हात घातला की घराण्याची पकड सुटते. जिथे हात घातला नाही, तिथे तैवानमध्येही अजून ‘ज्याच्या घरी जन्मला त्याचं नशीब’ हेच चालू आहे.

विहिरीचं उदाहरण देते. तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावर बैमेन, श्वेजा, बुदाई ही खारवट जमिनीची गावं आहेत. तिथे गोड पाण्यासाठी खोल विहिरी खणल्या गेल्या. त्या पाण्यात आर्सेनिक होतं. लोकांचे पाय आधी गार पडत, मग बोटं काळी पडून झडत, असह्य वेदना, शेवटी पाय कापायचा. ‘काळ्या पायाचा रोग’ हेच त्याचं नाव. एकाच घरात दोघे-तिघे निघत, मग कुठे शाप, कुठे रक्तदोष असली कुजबुज होणारच. बैमेनमध्ये वांग जिन-ह यांनी १९६०पासून या रुग्णांसाठी मोफत दवाखाना चालवला. ती जागा आज स्मृतिसंग्रहालय आहे आणि बाटल्यांत ठेवलेले कापलेले पाय तिथे बघायला मिळतात. मन घट्ट करून जावं लागतं. पुढे चेन चिएन-जेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गावांचा अभ्यास करून दाखवलं की आर्सेनिकने मूत्राशयाचा आणि फुप्फुसाचाही कर्करोग होतो. पाण्यात आर्सेनिक किती चालेल याचे जगभरचे निकष ठरवताना या गावांच्या आकड्यांचा आधार घेतला गेला. (हेच चेन नंतर तैवानचे उपराष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानही झाले.) नळाचं पाणी आलं आणि रोग ओसरला. माणसं तीच आणि घराणीही तीच राहिली होती.

सगळंच इतकं सरळ नाही, हेही सांगायला हवं. काही गोष्टी खरंच रक्तात असतात. तैवानमधल्या जवळपास निम्म्या लोकांत दारू पचवणारं एक विकर (एन्झाइम) अधू असतं, जगात सगळ्यात जास्त प्रमाण तिथेच. अर्धा ग्लास बिअरने चेहरा लालबुंद, छाती धडधडायला लागते. अशा माणसाने नेमाने दारू प्यायली तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. आणि तिथल्या लग्नात नवरा-नवरीने टेबलाटेबलावर जाऊन पेला उंचवायचा रिवाज! सुनेचा चेहरा लाल झाला तर तिच्या पेल्यात चहा भरून ठेवायला मुलाला सांगा. पुष्कळ तैवानी जोडपी तेच करतात आणि कुणी काही म्हणत नाही.

बायकांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचं कोडंही असंच अर्धं रक्तातलं, अर्धं स्वयंपाकघरातलं. तैवानी बायका सिगारेट जवळजवळ ओढतच नाहीत, तरी फुप्फुसाचा कर्करोग होणाऱ्या बायकांत नव्वद टक्क्यांहून जास्त कधीही न ओढलेल्या. मोठ्या आचेवर तेल धुरावेपर्यंत तापवून परतायची पद्धत, हवेचं प्रदूषण, आणि घरात कुणाला झालेला असणं, अशी कारणं पुढे येतात. न ओढणाऱ्या बारा हजार लोकांचं सीटी स्कॅन करून तिथे बघितलं, तर शंभरात दोन-तीन जणांत कर्करोग सापडला आणि जवळच्या नात्यात इतिहास असलेल्यांत जास्त. म्हणून २०२२पासून तैवान सरकार जास्त सिगारेट ओढणाऱ्यांबरोबर, आई-वडील, भावंडं किंवा मुलांत हा कर्करोग झालेल्यांचंही स्कॅन मोफत करतं. कुटुंबाचा इतिहास हाही निकष धरून अशी देशव्यापी योजना करणारा देश माझ्या क्षेत्रात कौतुकाचा विषय आहे. घराणं विचारायचंच असेल तर ते असं, स्थळ नाकारण्याऐवजी तपासणीला बोलावण्यासाठी.

आता सुपारी. इथे आपला आणि त्यांचा सांधा अगदी जुळतो. तैवानची सुपारी हिरवी, कोवळी. मधोमध चिरून त्यात चुन्याची लाल पेस्ट भरतात, किंवा विड्याच्या पानात पांढरा चुना लावून गुंडाळतात. रस्त्याकडेच्या काचेच्या टपऱ्यांत तोकड्या कपड्यांतल्या मुली ट्रकवाल्यांना विकतात, ते दृश्य तुमच्या मुलाने पाहिलंच असेल. तंबाखू त्यात नसते. आपल्याकडे अजूनही कितीजण म्हणतात, “तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे, काही होत नाही.” तैवानच्या तोंडांनी त्याचं उत्तर देऊन टाकलंय. तपासणीच्या शिबिरात डॉक्टर म्हणतो, तीन बोटं उभी तोंडात घाला. मासेमारी बंदरावरचा पन्नाशीचा माणूस दोनच घालू शकतो. गालाच्या आत बोट फिरवलं तर चामड्यासारखी घट्ट पट्टी लागते. हेच तोंड मी महाराष्ट्रात गुटख्याच्या पेशंटमध्ये बघितलंय, इथे २०१२पासून बंदी असूनही.

तैवानात तोंडाचा कर्करोग होणारे नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष, आणि त्यांत ट्रकचालक, बांधकाम मजूर, कोळी आणि मूळनिवासी जमातींचे लोक जास्त. मूळनिवासींमध्ये सुपारी लग्नात, पूजेत, पाहुणचारात असते, म्हणून सगळं खापर ‘त्यांच्या संस्कृती’वर फुटतं. मला हे पटत नाही. रात्रभर गाडी चालवायची, झोप उडवायची, थंडीत अंग गरम ठेवायचं, यासाठी सुपारी लागते; बँकेतल्या साहेबाला लागत नाही. सुपारीच्या मागे हातातलं काम बघा. डोंगरातल्या जमातींच्या माणसाला तैपेईत मिळणारं काम बहुतेकदा अंगमेहनतीचंच असतं. मूळनिवासी लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत आणि इतर तैवानींपेक्षा कितीतरी वर्षं कमी जगतात. तैपेई आणि पूर्व किनाऱ्यावरचा तायतुंग यांच्या सरासरी आयुर्मानात सात वर्षांच्या आसपास अंतर आहे. ‘तैवानी माणूस ऐंशी वर्षं जगतो’ या वाक्यात हे दोन्ही माणसं कोंबलेली असतात.

विमा तर दोघांकडेही आहे. १ मार्च १९९५ला राष्ट्रीय आरोग्य विमा सुरू झाला. त्याआधी निम्म्याहून थोड्याच जास्त लोकांना कुठला तरी विमा होता, आता जवळपास सगळ्यांना. कार्ड दाखवलं की कुठल्याही डॉक्टरकडे जाता येतं, खिशातून द्यायचे ते थोडेच. वडील आजारी पडले म्हणून मुलाची शाळा सुटली, हे त्यामुळे खूप कमी झालं. माझ्या मते तैवानी कुटुंबाला सावरणारी यासारखी दुसरी गोष्ट नाही. पण कार्ड दवाखान्याच्या दारापर्यंत नेतं. डोंगरातून त्या दारापर्यंतचा रस्ता आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही.

शिक्षणाकडे वळते, कारण ‘हुशार’ हा शब्द तुम्ही वापरलाय. १९६८मध्ये तैवानने सक्तीचं शिक्षण सहा वर्षांवरून नऊ वर्षांवर नेलं आणि दीडशेहून जास्त नव्या माध्यमिक शाळा काढल्या, कुठल्या जिल्ह्यात जास्त, कुठे कमी. त्या वेळी शाळेत गेलेल्या मुली पुढे आया झाल्या, तेव्हा अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला. जिथे शाळा जास्त निघाल्या, तिथे त्या आयांची बाळं कमी दगावली. दर हजार जन्मांमागे जवळजवळ एक बाळ या शाळांनी वाचवलं. त्या मुली आधीच्या मुलींपेक्षा हुशार नव्हत्या, त्यांच्या गावाजवळ शाळा निघाली होती इतकंच. आईचं शिक्षण आणि बाळाचा जीव यांचं नातं आपण जोतिराव-सावित्रीबाईंपासून ऐकत आलोय, तिथे ते आकड्यात दिसलं.

पण शाळा सगळ्यांना मिळाल्यावर स्पर्धा शाळेबाहेर सरकते. तिथल्या शिकवणी वर्गांना बुशीबान म्हणतात. लातूर पॅटर्न आठवा आणि तो चौथी-पाचवीपासून लावा. रात्री नऊ-साडेनऊला तैपेई स्टेशनसमोरच्या गल्लीत वर्ग सुटतात तेव्हा गणवेशातली पोरं दुकानाच्या पायरीवर गरम डबा खात बसलेली असतात. राष्ट्रीय तैवान विद्यापीठात कोण शिकतं याचा अभ्यास झाला, तेव्हा तैपेईची, त्यातही दाआनसारख्या महागड्या, शिकलेल्या वस्तीची मुलं लोकसंख्येच्या मानाने फारच जास्त निघाली. परीक्षा सगळ्यांना एकच, पण तयारी ज्याच्या-त्याच्या घरची. २००७पासून एक वेगळी वाट काढली: मुलाचा त्याच्या स्वतःच्या शाळेतला क्रम बघून प्रवेश, म्हणजे गावाकडच्या शाळेतला पहिला तैपेईच्या पहिल्याच्या रांगेत येतो. मूळनिवासी मुलांना प्रवेशात जादा गुण मिळतात, स्वतःची भाषा येत असेल तर आणखी. त्यावरचे वाद ऐकलेत तर आपल्याकडचे आरक्षणाचे वाद भाषांतर करून नेलेत की काय असं वाटेल.

या अभ्यासाची किंमत मुलांच्या डोळ्यांत दिसते, अगदी शब्दशः. शाळा संपेपर्यंत दहातल्या आठएक मुलांना लांबचं दिसत नाही. वर्षानुवर्षं लोक म्हणत, चिनी वंशाचे डोळेच तसे. मग लक्षात आलं की दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांचा नंबर उशिरा लागतो आणि हळू वाढतो. २०१०पासून शाळांनी मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायला सुरुवात केली आणि सतत चढत गेलेला प्राथमिक शाळेतल्या अधू नजरेचा आलेख खाली वळला. म्हणून नातवंडांच्या चष्म्याची काळजी असेल तर कुठली आजी चष्मा लावते हे विचारत बसू नका, मूल दुपारी कुठे असतं ते विचारा.

संस्कृती म्हणजे न बदलणारी गोष्ट, हा समजही तिथे टिकत नाही. चिनी पंचांगात दर वर्षाला एक प्राणी असतो; मूल होण्याला वाघाचं वर्ष अशुभ, ड्रॅगनचं शुभ. २०१० वाघाचं होतं, जन्म १ लाख ६६ हजार. २०१२ ड्रॅगनचं, २ लाख २९ हजार. पंचांगाचा इतका जोर. मग २०२४ला पुन्हा ड्रॅगन आला आणि जन्म १ लाख ३५ हजारांच्या आसपासच राहिले, आधीच्या सशाच्या वर्षापेक्षा किंचित कमीच. घरांच्या किमती, कामाचे तास आणि लग्नच न करणाऱ्या मुली, यांच्यापुढे ड्रॅगनचं काही चाललं नाही.

जिथे हात घातला गेला नाही अशी जागा म्हणजे मालमत्ता. कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा. पण वडील गेले की भाऊ आणि आई प्रेमाने कागद पुढे करतात आणि लेकी तीन महिन्यांच्या आत कोर्टात वारसा सोडल्याचं लिहून देतात. लग्न झालेली मुलगी म्हणजे सांडलेलं पाणी, अशी तिथली म्हण. आपल्याकडे तलाठ्यासमोर हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी मी पाहिल्यात, त्यामुळे मला तिथे काही नवीन वाटलं नाही. नवीन वाटलं ते पुढचं: वाटा सोडलेल्या लेकीच म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेतात. आईवडिलांना सांभाळणं हे तिथे कायद्यानेही मुलांचं कर्तव्य आहे. २०१०मध्ये दुरुस्ती करून, ज्या आईबापाने छळ केला किंवा सांभाळलंच नाही त्यांच्या मुलांना कोर्टाकडून सूट मागता येते. प्रत्यक्षात हे कर्तव्य पुष्कळ घरांत इंडोनेशियाहून आलेली बाई पार पाडते. अशा परदेशी घरकामी काळजीवाहक, सगळ्या देशांच्या मिळून, दोन लाखांच्या आसपास आहेत. मुलीची आई एकटी आहे, तेव्हा तिच्या म्हातारपणाचं काय ठरलंय हे तुमच्या मुलाने लग्नाआधी मोकळेपणाने बोलून घ्यावं. तिथे १९६६ या नंबरवर फोन केला की दीर्घकालीन काळजीची सरकारी मदत कुठली मिळेल ते कळतं, आपल्या लोकांना बहुधा हे माहीतच नसतं.

शेवटी नातवंडांसाठी दोन कामाच्या गोष्टी. मुलीच्या आई-वडिलांकडचे कुणी हाक्का (दक्षिण चीनमधून आलेला, स्वतःची भाषा असलेला समाज) आहेत का ते विचारा. हाक्कांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता जरा जास्त आढळते. ती आईकडून मुलग्यांत उतरते. (आपल्याकडे पारशांमध्ये असते तीच.) तैवानात प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेच्या रक्तातून ही तपासणी होते, त्यामुळे कळेलच. पण बाळाची झबली-दुपटी इथून पाठवताना ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालू नका. ही कमतरता असलेल्या बाळाचं रक्त त्या वासाने फुटू शकतं आणि जीवघेणी कावीळ होते.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. आपल्याकडे पहिलं माहेरी, सव्वा महिना, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू. त्यांच्याकडेही महिनाभर बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही, तिळाच्या तेलातली कोंबडी खायची. फरक इतकाच की तिथे हे करणं जुन्या रीतीने सासूचं काम. म्हणजे सगळे तुमच्याकडे बघतील! हल्ली बहुतेकजणी त्यासाठीच्या खास केंद्रात राहतात. खर्च भरपूर, आणि चांगल्या केंद्रात जागा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच धरावी लागते. तुम्ही जाणार असाल तर लाडू जरूर न्या. पण केस धुवायचे की नाही यावरून विहीणबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या जुन्या रीतीत महिनाभर नाहणं नाही, तुमच्याकडे रोज तेल लावून कढत पाण्याने आंघोळ, आणि मधे सून. काय करायचं ते तिला विचारा.